बाळच्या नावाने ट्रस्ट

मी संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. हे त्यांनी आपापसांत ठरवून म्हटलेलं असावं, असा मला संशय आहे.

पण ज्या माणसाने सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, त्याने दुसरं काय व्हावं? पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, तळ वर उचललेलं दुधाचं माप, हे सगळं मी या हातांनी जप्त केलं आहे. आणि ते करणारे लोक दिसायला अत्यंत सज्जन होते. त्यातले निम्मे तर मला आधी चहा विचारत. तेव्हापासून कोणी चहा विचारला की मी त्याचा तराजू शोधतो. निवृत्तीनंतर ही सवय सुटेल असं बायकोला वाटलं होतं, पण सवयीला निवृत्तीचं वय नसतं.

तर ट्रस्टची गोष्ट. ती सुरू झाली आमच्या जिन्यात. लिफ्ट बंद होती म्हणून पायऱ्या चढत होतो आणि मधल्याच मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसलो. बाळ माझ्यासोबत होता. तो शेजारी बसला, खिशातलं अर्धं बिस्कीट काढून त्याने माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "दादा, तू बस. मी आहे." डॉक्टरांनी नंतर रक्तदाबाची गोळी लिहून दिली. त्या गोळीचं मला काही वाटलं नाही. पण 'मी आहे' म्हणणारा बाळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना, कारण मी नसलो तर त्याचं काय, हा प्रश्न मी आजवर उद्यावर ढकलत आलो होतो.

बाळ माझा धाकटा भाऊ. केस पिकले तरी बाळच. त्याची समज लहानपणी एका वयाला येऊन थांबली आणि तिथेच रमली. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत तो कपड्यांच्या घड्या घालतो, आणि अशा घालतो की लोक शर्ट उलगडायला कचरतात. त्याचा दोष एकच. त्याचा सगळ्यांवर विश्वास आहे. रस्त्यात कोणीतरी "चप्पल छान आहे हो" म्हणालं, तर हा अनवाणी घरी आला. छत्र्या किती गेल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. आमच्या दोघांच्या वाट्याचा संशय मला एकट्यालाच घ्यावा लागतो, हे लोकांना दिसत नाही.

मृत्युपत्र करावं असं आधी मनात आलं. म्हणून चौकशी करत एका वकीलबाईंकडे गेलो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खुर्च्या मऊ. खुर्ची मऊ असली की माणूस जास्त वेळ बसतो आणि फी वाढते, हे मी पहिल्या मिनिटात हेरलं आणि कडेला टेकून बसलो. बाईंनी चहा विचारला. मी नको म्हणालो.

बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, मृत्युपत्राने घर आणि ठेवी भावाच्या नावावर गेल्या तर त्यांचं पुढे काय होईल? मला चपला आठवल्या. मी म्हणालो, आठवडाभरात घर कोणालातरी आवडेल आणि हा देऊन टाकेल. मग बाई म्हणाल्या की तुम्हाला खाजगी ट्रस्ट हवा. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवायची, त्यांनी ती सांभाळायची, आणि तिचा उपयोग मात्र भावासाठी आणि पत्नीसाठीच करायचा. ते दोघं लाभार्थी. राहतं घर त्यांना राहायला, ठेवींचं व्याज त्यांच्या खर्चाला. कल्पना मला इतकी पटली की लगेच शंका आली.

"विश्वस्त कोण?" बाईंनी विचारलं.

"मी."

"तुम्ही हयात असेपर्यंत ठीक आहे. तुमच्यानंतर?"

"नंतरही मीच."

बाईंनी चष्मा काढून पुसला. तशी सोय कायद्यात नाही असं त्या म्हणाल्या, आणि किमान दोघा-तिघांची नावं विचार करून आणा, ज्यांच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे अशी, असंही म्हणाल्या. पूर्ण हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी आयुष्यात फक्त खात्याच्या प्रमाणित किलोवर पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि तोही आम्ही दरवर्षी तपासून घ्यायचो.

घरी आल्यावर उमेदवारांची छाननी सुरू केली. बायकोचं नाव पहिलं आलं. पण तिचं मन मऊ. बाळने केविलवाणे डोळे केले की ती दुसरं आइस्क्रीम देते, उद्या कोणीही तसे डोळे केले तर ठेव मोडून देईल. शिवाय ती माझ्याच वयाची. मुलगी परगावी, तिच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण जावई फार हसतो. एवढं हसण्यासारखं आमच्या घरात काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. मेहुण्याला कुठूनशी कुणकुण लागली आणि त्याने फोन करून सांगितलं, "भावोजी, माझं नाव बिनधास्त घाला." मी ताबडतोब खोडलं. ज्याला व्हायचं आहे त्याला का व्हायचं आहे? उलट माझ्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला या फंदात पाडू नकोस. मग त्याच्यावरचाही विश्वास उडाला, कारण ज्याला एवढं लपवायचं असतं तोच फंदात पडायला घाबरतो. एका बँकेत विश्वस्तपदाची सोय आहे म्हणून चौकशीला गेलो, तर तिथल्या बाईंनी बारीक अक्षरातलं माहितीपत्रक दिलं. अक्षर बारीक का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या कागद वाचतो. मी म्हणालो, गिऱ्हाईक वाचत नाही म्हणून ना? त्यानंतर त्यांनी चहा विचारला नाही, एवढी गोष्ट त्यांच्या बाजूची.

या छाननीने बायकोच्या नाकी नऊ आले. "तुम्ही शांतपणे ठरवा, मी आणि बाळभावजी आठ दिवस लेकीकडे जाऊन येतो," असं सांगून ती बाळला घेऊन गेली. मला घर मोकळं मिळालं. पुढचं सगळं रामायण या आठ दिवसांतलं.

दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये असताना वकीलबाईंचा फोन आला. लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे चेअरमन होते. हा गृहस्थ कोणाच्याही पार्सलवरचा पत्ता वाचतो. म्हणून मी आवाज अगदी खाली आणला आणि तोंड भिंतीकडे केलं. "हो, ट्रस्ट बाळच्या नावानेच," मी म्हणालो. "नाही, आता उशीर नको. जे झालं ते झालं." फोन ठेवला तर चेअरमन माझ्याकडे एकटक बघत होते. त्यांनी विचारलं, बाळच्या नावाने ट्रस्ट काढताय? मी नाइलाजाने हो म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला मजला आला तरी बराच वेळ काढला नाही. मी खिसा चाचपून पाहिला.

आता इथे आपल्या भाषेची एक खोड लक्षात घेतली पाहिजे. माणूस चालता-बोलता असला की त्याच्या नावावर घर होतं, गाडी होते, दंडाची पावतीसुद्धा होते. पण त्याच्या नावाने दवाखाना, वाचनालय, शिष्यवृत्ती किंवा ट्रस्ट निघायला लागला, की ऐकणारा त्या नावाच्या मागे आपोआप 'कैलासवासी' लावून मोकळा होतो. ही खोड मला तेव्हा आठवली नाही. चेअरमनना मात्र बरोबर आठवली. त्यातून बाळ लॉन्ड्रीत न कळवताच गेल्याने तिथे दिसत नव्हता, बायको घरात नव्हती, आणि मी भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होतो.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटी माझ्याशी चांगलं वागायला लागली. लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवायला लागली. वरच्या मजल्यावरून चहाचा थर्मास आला. समोरच्या काकूंनी डबा पाठवला, आणि त्यातलं माप पाहून मी चक्रावलो, कारण या काकू एरवी साखर उसनी देताना वाटीत बोटं घालून देतात. माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना ट्रस्टचा वास लागला. म्हाताऱ्याकडे घबाड आहे असं यांना वाटतंय. मी ठेवींच्या पावत्या कपाटातून काढून पिठाच्या डब्यात ठेवल्या.

संध्याकाळी चेअरमन आले. बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग हळूच विचारलं, "फार त्रास नाही ना झाला?"

त्यांना वकिलाकडच्या हेलपाट्यांबद्दल म्हणायचंय असं मी समजलो. म्हणालो, नाही, वेळ लागला पण सगळं शांतपणे उरकत आलं. बाई अनुभवी आहेत, रोज अशी कितीतरी प्रकरणं बघतात. चेअरमननी मान डोलावली आणि विचारलं, अचानकच ना? मी म्हणालो, अचानक कसलं, माझ्या मनात बरेच दिवस होतं. शेवटी मन घट्ट केलं आणि ठरवलं, आता करून टाकायचं. चेअरमननी अर्धा कप तसाच खाली ठेवला. वहिनी कुठे आहेत, असं त्यांनी जरा मागे सरकत विचारलं. "लेकीकडे गेली," मी म्हणालो. "माझं हे चाललेलं तिला बघवेना." त्यानंतर ते फार थांबले नाहीत. ते जाताच मी दाराला आतून दोन कड्या लावल्या. त्यांनीही आपल्या घरी त्या लावल्या असाव्यात, आणि दुःखाने माझं डोकं फिरलंय अशी मनाची समजूत घातली असावी.

मग खाली फलकावर एक सूचना लागली. 'आपल्या सर्वांचे लाडके बाळासाहेब यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी रविवारी सायंकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा. सर्वांनी उपस्थित राहावे.' बाळासाहेब कोण ते मला आठवेना. मागच्या इमारतीतले ते काठी टेकत फिरणारे असावेत, असं समजून मी मनातल्या मनात हळहळलो. बाळला कोणी बाळासाहेब म्हणेल हे माझ्या स्वप्नातही येण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे माणसाला साहेब व्हायला एवढी मोठी किंमत मोजावी लागते, हे मी विसरलो.

रविवारी कर्तव्य म्हणून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. तर दोघांनी मला दंडाला धरून पहिल्या रांगेत नेलं. माझ्याकडे सगळे वळून बघत होते. मी ओळखलं. वर्गणी. पहिल्या रांगेत बसवायचं आणि चारचौघांत आकडा वदवून घ्यायचा. मी पाकीट घरी ठेवून आलो होतो, त्याबद्दल स्वतःला शाबासकी दिली.

चेअरमन बोलायला उठले. बाळासाहेब कसे निर्मळ होते, कोणाचं कधी वाईट चिंतलं नाही, वगैरे. हे प्रत्येकाबद्दल बोलतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग समोरच्या काकू उठल्या आणि पदराला डोळे पुसत म्हणाल्या की आमच्या यांचे वडील दवाखान्यात होते तेव्हा बाळासाहेब रोज दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे, नुसते बसायचे, आणि आम्हाला कधी सांगितलंही नाही. वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, मी परीक्षेत नापास झालो तेव्हा घरी जायची हिंमत होत नव्हती. पाऊस होता. त्यांनी मला स्वतःची छत्री दिली, आणि घरापर्यंत सोबत आले.

छत्री म्हटल्यावर मी ताठ बसलो. पाठोपाठ लॉन्ड्रीचा मालक उभा राहिला आणि म्हणाला, अशा घड्या आता कोण घालणार?

मी उठलो, पण माझ्याबरोबर सगळा हॉल उठला, कारण चेअरमननी त्याच क्षणी दोन मिनिटं स्तब्धतेची घोषणा केली होती. आता सांगा, मी काय करावं? आयुष्यात कधी नियम मोडला नाही. चारशे माणसं मान खाली घालून उभी असताना 'अहो, तो जिवंत आहे' असं ओरडायची पद्धत मला माहीत नव्हती. मी माझ्या हयात भावासाठी मान खाली घालून उभा राहिलो. आणि माझ्या छातीत जे व्हायला लागलं ते रक्तदाबाचं नव्हतं. क्षणभर मला ते सगळं खरंच वाटलं.

स्तब्धता संपली, लोकांनी माना वर केल्या, आणि मागून काकू किंचाळल्या. शेवटच्या रांगेत बॅग खांद्याला लावून, मान खाली घालून, डोळे गच्च मिटून बाळ उभा होता. घराची किल्ली माझ्याकडे म्हणून बायको आणि तो मला शोधत हॉलवर आले होते, आणि सगळे उभे दिसल्यावर तोही उभा राहिला होता. दोन मिनिटं झाल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या कॉलेजातल्या मुलाने त्याला हलवलं तेव्हा त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "कोण गेलं?"

त्यानंतरचा गोंधळ मी सांगत बसत नाही. काकूंनी त्याला घट्ट धरलं, लॉन्ड्रीवाल्याने त्याचा हात सोडला नाही, आणि चेअरमन माझ्या अंगावर धावून आले. मी खुलासा केला. ट्रस्ट म्हणजे काय, लाभार्थी म्हणजे काय, आणि मी विश्वस्त शोधतोय हेही रागाच्या भरात सांगून टाकलं. मग चेअरमननी हात वर केला. काकूंनी केला. लॉन्ड्रीवाल्याने केला. नापास झालेल्या मुलानेही केला. बघता बघता हॉलभर हात वर.

एखादा माणूस या वेळी रडला असता. मी हात मोजले आणि मनात म्हणालो, एवढ्या लोकांना एकदम काय हवंय?

घरी आल्यावर बायको फक्त एवढं म्हणाली, "तुम्हाला माणूस नकोय. तुम्हाला प्रमाणित किलो हवाय." बाळ मात्र खूश होता. त्याला सगळ्यांनी बिस्किटं दिली होती.

पुढच्या भेटीत मी वकीलबाईंना प्रत्येक हाताविषयीचा माझा आक्षेप सांगत होतो. चेअरमन लिफ्टचा खर्च यातून काढतील. काकूंची वाटीतली बोटं. लॉन्ड्रीवाल्याला फुकट घड्या हव्यात. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "उद्या भावाला घेऊन या. ज्याच्यासाठी चाललंय त्याला कोणी विचारलंच नाही."

म्हणून बाळला आणि बायकोला घेऊन गेलो. बाळ मऊ खुर्चीत ऐसपैस बसला, चहा विचारल्यावर हो म्हणाला, आणि मला बोलायची मनाई झाली. बाईंनी त्याला समजावलं. दादा जे साठवून ठेवतोय ते काहीजण मिळून सांभाळणार, त्यांना विश्वस्त म्हणायचं. आणि ज्याला सांभाळायचं, ज्याने काळजी करायची नाही, तो लाभार्थी.

"मी लाभार्थी?" बाळने विचारलं.

"हो. आणि तुमच्या वहिनी."

त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्याला आवडला. मग बाईंनी विचारलं की विश्वस्त कोण चालतील तुम्हाला? बाळ म्हणाला, वहिनी चालेल. चेअरमनकाका चालतील. मामा चालेल, म्हणजे माझा मेहुणा, कारण तो गोष्ट सांगतो. माझ्या प्रत्येक आक्षेपाचा माणूस त्याने एकापाठोपाठ एक पास केला. मी खुर्चीत चुळबुळ करत होतो.

"आणि दादा?" बाई म्हणाल्या. "दादा तर असणारच ना?"

बाळने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "दादा नको."

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. ज्याच्यासाठी मी जन्मभर सगळ्या जगाकडे तिरका बघत राहिलो, त्याने चहाचा घोट घेत मला बाद केलं. मी बाईंची मनाई मोडून विचारलं, "का रे? माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. पण तू सगळ्यांना तपासतोस. खूप दमतोस." मग तो बाईंकडे वळला आणि गंभीरपणे म्हणाला, "दादाला पण लाभार्थी करा. म्हणजे त्याला पण कोणीतरी बघेल."

बाईंचं पेन थांबलं. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मग बाई म्हणाल्या की हो, तशी सोय कायद्यात आहे, तुमच्या हयातीत तुम्हालाही लाभार्थी ठेवता येतं, मसुद्यात एक ओळ वाढेल, इतकंच. सवयीने माझ्या ओठांवर प्रश्न आला होता की त्या एका ओळीची फी वेगळी पडेल का. पण मला तो विचारता आला नाही. बाळने आपला कप माझ्यापुढे सरकवला, आणि मी तो चहा प्यायलो.